घराच्या आतला हिशेब

नागोठणे हे गाव नकाशावर रोहा तालुक्यात मोडते. पण येथील माणसाचे पोट कोठे भरते याचा माग काढू लागले, तर तालुक्याची वेस फार लवकर मागे पडते. अंबा नदीच्या काठचे हे एकेकाळचे बंदर. खाडीवाटे येथवर गलबते येत. बंदर ओसरले, मुंबई-गोवा रस्ता झाला, आगगाडी आली आणि १९९० च्या सुमारास वायूपासून प्लास्टिकचा कच्चा माल तयार करणारा अवाढव्य प्रकल्प उभा राहिला. तो इंडियन पेट्रोकेमिकल्स या सरकारी कंपनीचा होता. २००२ साली निर्गुंतवणुकीत ती कंपनी रिलायन्सकडे गेली. आज या पंचक्रोशीत ढोबळमानाने तीन प्रकारची घरे आढळतात. ज्यांचा कर्ता पुरुष कारखान्यात कायम नोकरीस अथवा ठेकेदाराच्या हाताखाली आहे, अशी काही. ज्यांचा कर्ता मुंबई-ठाण्यास असून गणपतीला आणि शिमग्याला घरी येतो, अशी काही. आणि तिसरी कातकरी वाड्यांतील. दिवाळी उलटली की दाराला कडी घालून, पोरेबाळे बरोबर घेऊन वीटभट्टीकडे निघणारी.

या तिन्ही घरांचे बरे चालले आहे काय? हा प्रश्न कोणी विचारीतच नाही असे नव्हे. निवडणुकीच्या तोंडावर तो हमखास विचारला जातो. उत्तर मात्र ठरलेले असते. दारात मोटारसायकल आहे, कौले जाऊन स्लॅब पडली आहे, मुलगी इंग्रजी शाळेत जाते. तेव्हा बरेच चालले असणार! मिळकतीचा आकडा कळला की घराची चौकशी पुरी झाली, अशी आपली समजूत आहे. घरात आलेल्या पैशाची, अन्नाची, विश्रांतीची आणि कष्टाची वाटणी पुढे घरातल्या घरात कशी होते, हे मात्र उंबरठ्याच्या आतले म्हणून सोडून दिले जाते. तो उंबरठा ओलांडून, कोणताही आरडाओरडा न करता, आतले मोजमाप करणारी एक विदुषी महाराष्ट्रात होऊन गेली. कुटुंबावरील आपल्या व्याख्यानांत त्यांचे नाव क्वचितच ऐकू येते. त्या म्हणजे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील कुमुदिनी दांडेकर.

ही संस्था १९३० साली रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. ग्रंथालयात बसून सिद्धान्त घोटण्यापेक्षा वहीपेन्सिल घेऊन दारोदार जाण्याची शिस्त गाडगिळांनी या संस्थेला लावली. पुणे शहराची त्यांनी केलेली पाहणी आणि ना. वि. सोवनी यांची कोल्हापूर शहराची पाहणी, ही त्या शिस्तीची फळे. वि. म. दांडेकर पुढे १९६६ ते १९८० या काळात संस्थेचे संचालक होते. त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई याच परंपरेत वाढल्या. त्यांचा विषय लोकसंख्याशास्त्र; परंतु त्यांनी आयुष्यभर जे अभ्यासले ते पाहता त्यांना घराच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासक म्हणणेच अधिक उचित ठरेल. कलाशाखेत वाढलेल्या आमच्यासारख्याला कोष्टकांची एरवी धास्तीच वाटते. पण ही कोष्टके अशी, की त्यांच्या रकान्यांतून माणसे दिसतात.

१९५३ साली दांडेकर पती-पत्नींनी मिळून पुणे जिल्ह्यातील जन्म-मृत्यूच्या पाहणीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९५९ साली सहा ग्रामीण समुदायांच्या पाहणीवरील कुमुदिनीबाईंचा ग्रंथ आला. अशा पाहणीची रीत ठाऊक नसलेल्यास हे काम सोपे वाटेल. प्रत्यक्षात ‘मुले किती?’ एवढाच प्रश्न विचारला, तर बाई हयात मुलांचीच संख्या सांगते. जन्मून गेलेली, बाळंतघरातच डोळे मिटलेली पोर त्या संख्येत नसते. आणि उत्तर देण्यास पुरुष पुढे आला, तर ती हमखास नसते. म्हणून किती झाली, किती जगली, किती गेली, हे वेगवेगळे विचारावे लागते. तेही त्या आईलाच, आणि तिला बोलता येईल अशा वेळी. आरोग्याच्या आकड्याचा खरेपणा हा असा विचारणाऱ्याच्या सभ्यतेवर आणि धीरावर अवलंबून असतो.

१९७५ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या साप्ताहिकात कुमुदिनीबाईंनी एक लेख लिहिला. भारताच्या लोकसंख्येत स्त्रियांचे प्रमाण का घटत आहे, हा त्याचा विषय. १९०१ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या. १९७१ मध्ये त्या ९३० उरल्या. शिरगणतीतच स्त्रिया गाळल्या जातात, की त्या खरोखरच अधिक मरतात? पहिले खरे असेल तर दोष नोंदीचा. दुसरे खरे असेल तर दोष आपल्या घरांचा. या प्रश्नावर जगभर खळबळ उडाली ती १९९० मध्ये, अमर्त्य सेन यांनी परदेशी नियतकालिकात दहा कोटी स्त्रिया ‘हरवल्या’ असल्याचे लिहिले तेव्हा. आपल्याच माणसाने पंधरा वर्षे आधी तोच विषय आपल्याच देशात मांडलेला असताना, परक्या व्यासपीठावरून तो येईतो आपण जागे होत नाही, हे दुर्दैव जुनेच आहे.

या आकड्याचा कोकणातील अवतार तर विशेष बोलका आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. वरवर पाहणारा म्हणेल, पहा, कोकणात स्त्रीचा केवढा मान! यात मानापेक्षा चाकरमान्याचा भाग मोठा आहे. पुरुष मुंबईस गेले म्हणून गावात बायका उरल्या, एवढाच त्याचा अर्थ. रायगडात हेच प्रमाण ९५९ होते. येथून पुरुष मुंबईस जातात हे खरे. परंतु कारखान्यांच्या, बंदराच्या आणि पनवेलकडील बांधकामांच्या निमित्ताने परगावचे पुरुष येथे येतातही. म्हणजे एका जिल्ह्यातील आकडा मोठा दिसतो तो घरे दुभंगल्यामुळे, आणि दुसऱ्यातील लहान दिसतो तो दूरवरची घरे दुभंगून त्यांचे पुरुष येथे आल्यामुळे. दोन्हीकडे मागे राहिली ती बाई. शेत, गुरे, सासू-सासरे, मुलांची शाळा आणि ग्रामपंचायतीतील कागद हे सारे तिच्या माथी. सातबारा मात्र बहुधा मुंबईच्या माणसाच्या नावे.

कुमुदिनीबाईंच्या आयुष्याचा मोठा भाग कुटुंबनियोजनाच्या अभ्यासात गेला. महाराष्ट्रात पुरुषांच्या नसबंदीची शिबिरे भरू लागली, तेव्हा त्यांवर त्यांनी लिहिलेला निबंध १९६३ साली ‘पॉप्युलेशन स्टडीज’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नियोजनाचा संदेश लोकांपर्यंत कसा पोहोचतो, याचा प्रयोग करून त्यांनी १९६७ साली पुस्तकही लिहिले. समजावून सांगण्याचा, वाट पाहण्याचा हा मार्ग होता. आणीबाणीत तो मोडीत निघाला. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती त्यास मिळाली नाही आणि १९७७ च्या निवडणुकीने तो विषयच संपविला. त्या काळी ज्यांच्या घरावर तुरुंगवासाची पाळी आली त्या वाचकांना आणीबाणीच्या इतर कहाण्या तोंडपाठ असतील. परंतु या सक्तीचा एक दूरगामी परिणाम फारसा बोलला जात नाही. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, कमी जोखमीची. एकेकाळी महाराष्ट्र तीत अग्रेसर. सक्तीने तिच्याविषयी अशी काही धास्ती बसली, की सारा भार बाईच्या अंगावर सरकला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सदतीस टक्क्यांहून अधिक विवाहित जोडप्यांत स्त्रीची शस्त्रक्रिया झालेली होती, पुरुषाची ०.३ टक्के. हजारात तीन पुरुष!

पण आमच्या मते कुमुदिनीबाईंचे सर्वांत मोलाचे काम रोजगार हमीवरचे. त्याची पार्श्वभूमी थोडी सांगितली पाहिजे. १९७१ च्या आरंभी वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा ‘भारतातील दारिद्र्य’ हा प्रसिद्ध प्रबंध आला. ग्रामीण भागात माणशी वर्षाला १८० रुपये आणि शहरात २७० रुपये, तेही १९६०-६१ च्या किमतींनी, एवढी किमान रेषा त्यांनी आखली, आणि खेड्यांतील सुमारे ४० टक्के व शहरांतील सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली असल्याचे दाखविले. यावर त्यांचा मुख्य उपाय होता, मागेल त्याला सार्वजनिक कामावर मजुरी. त्याच सुमारास महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या चिंतनातून रोजगार हमीची कल्पना आकारास येत होती. सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात तिचा प्रयोग झाला होता. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर आली, १९७७ साली तिचा कायदा झाला. शहरातील नोकरदारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय कराचे मूळ या योजनेत आहे, हे आजच्या पगारदार वाचकांना बहुधा ठाऊक नसेल. केंद्राने २००५ साली रोजगाराचा कायदा केला तो याच अनुभवावर.

कामे निघाली. त्यांवर आले कोण? पुढारी रस्त्यांची लांबी मोजत होते, अधिकारी मनुष्यदिवस मोजत होते. कुमुदिनीबाईंनी माणसे मोजली. मंजू साठे यांच्यासह १९८० साली लिहिलेल्या लेखात आणि १९८३ च्या पुस्तकात त्यांनी दाखविले, की ही योजना स्त्रियांना मिळालेली रोजगाराची संधी ठरली आहे. पुस्तकाच्या नावातच त्यांनी हे म्हटले. खडी फोडण्याचे, माती वाहण्याचे हे काम. त्यावर बायका इतक्या मोठ्या संख्येने येतील ही अनेकांच्या कल्पनेबाहेरची गोष्ट होती. कारणे पाहिली म्हणजे नवल उरत नाही. काम गावाजवळ होते. ठेकेदाराचे तोंड पाहावे लागत नव्हते, कोणाची शिफारस लागत नव्हती. मजुरी कामाच्या मापावर होती, त्यामुळे बाईची पाटी आणि बुवाची पाटी एकाच दराने मोजली जाई. तान्ह्या मुलासाठी पाळणाघराची तरतूद नियमात होती, जरी ती पुष्कळ ठिकाणी झाडाला बांधलेल्या झोळीपलीकडे गेली नाही. या अटी जुळल्या की खेड्यातील बाई घराबाहेर पडते. ‘आमच्याकडे बायकांना बाहेर काम करण्याची रीत नाही’ हे वाक्य बरेचदा रीतीपेक्षा सोयीविषयी बोलत असते.

हेच गमक नागोठण्यास लावून पाहू. कारखान्याच्या दारात या पंचक्रोशीतील बाईला काय काम मिळते? झाडलोट, बागकाम, उपाहारगृह; तेही ठेकेदाराकडून. पलीकडे पेण. पेणच्या गणेशमूर्ती देशोदेशी जातात. पेण, हमरापूर, जोहे येथील कारखान्यांत आणि घरांत बायका माती मळतात, साचे भरतात, घासतात, रंगवितात. पेणचे पापड, मिरगुंडे, पोहे यांचीही कीर्ती मोठी. या कामात गुंतलेल्या बाईला ‘तुम्ही काय करता?’ असे विचारा. ‘घरीच असते, थोडी मदत करते’, असे उत्तर बहुधा मिळेल. आणि पाहणी करणारा शिपाईगडी असेल, तर रकान्यात ‘गृहिणी’ लिहून पुढच्या दारी जाईल. वीटभट्टीवर तर नवरा-बायकोस जोडी म्हणूनच उचल मिळते. पहाटे चिखल तुडविण्यापासून विटा रचण्यापर्यंत दोघे राबतात. हिशेबाच्या वहीत नाव मात्र सहसा एकट्या पुरुषाचे. बाई आजारी पडली तर ‘जोडी मोडली’ म्हणून हिशेब कापला जातो. तेव्हा तिच्या श्रमाची किंमत सर्वांस नेमकी ठाऊक असते.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली केलेल्या वेळेच्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात असे दिसले, पुरुषांची ८८. पगारी नोकरीस जाणारी बाई या ओझ्यातून सुटते असे नाही. स्त्रियांच्या श्रमाचा दोनशे वर्षांचा इतिहास मांडणाऱ्या अमेरिकेतील क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा आपल्याकडेही चार लेख छापून आले. खडीच्या ढिगावरील बायका मोजणाऱ्या पुण्याच्या बाईंचा उल्लेख त्यांत आमच्या वाचनात आला नाही.

कारखान्याच्या घरांविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९९० च्या नोव्हेंबरात नागोठण्याच्या प्रकल्पात वायुगळती होऊन स्फोट झाला व तीसहून अधिक माणसे दगावली. त्या पिढीतील लोकांना तो दिवस आठवतो. बातमीत मृतांचा आकडा असतो, भरपाईचा आकडा असतो. कर्ता गेल्यावर घरातील कोणाची शाळा सुटली, कोणाचे लग्न घाईने उरकले, कोणी दिराच्या घरी राहून कोणाची बोलणी खाल्ली, हे बातमीत मावत नाही. ते मावण्याची जागा म्हणजे कुमुदिनीबाईंनी केली तशी पाहणी.

आता ताटाकडे वळू. दारिद्र्यरेषेच्या उष्मांकांवरून पुण्यात एक मोठा विद्वत्तापूर्ण वाद झाला. जागतिक अन्न व कृषी संघटनेत वीस वर्षे काम करून परतलेले पां. वा. सुखात्मे म्हणत, माणसाची गरज रोज सारखी नसते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेते, तेव्हा सरसकट एक आकडा लावून उपाशी माणसांची संख्या फुगवू नका. वि. म. दांडेकरांना हे मान्य नव्हते. दोघेही थोर. पण बहुतेक हिशेब घराच्या सरासरीचे, आणि सरासरीत शेवटी जेवणारी दिसत नाही. २०१९-२१ च्या त्याच आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या; त्याच वयाचे पुरुष २५ टक्के. रजस्राव आणि बाळंतपणे यांचा वाटा त्यात आहेच. तरीही एकाच चुलीवर शिजलेले अन्न खाणाऱ्यांत एवढी तफावत केवळ निसर्गाच्या माथी मारता येत नाही.

१९९६ साली कुमुदिनीबाईंचे ‘भारतातील वृद्ध’ या विषयावरील इंग्रजी पुस्तक आले. २०११ च्या जनगणनेत देशातील साठीपुढच्यांची संख्या दहा कोटींवर गेली. महाराष्ट्रात ते लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के होते. वृद्धाश्रमाचे नाव काढताच आपण अस्वस्थ होतो आणि ते योग्यच आहे. आई-वडिलांना घरात ठेवणे हा आपल्या समाजाचा संस्कार आहे, त्याचा अभिमान बाळगावा असाच तो आहे. मात्र अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची कूस बदलायला रात्री दोनदा कोण उठते? मुलगा मुंबईस, तेव्हा सून. ती सून स्वतः पंचावन्नची, गुडघ्यांनी अधू. संस्कार समाजाचा, अभिमान सर्वांचा आणि जागरण एकटीचे.

कुटुंब म्हणजे स्त्रीची बेडी, असे म्हणणाऱ्या पुरोगामी मंडळींशी आमचे जमत नाही, जमणारही नाही. घर मोडून माणूस सुखी होतो याचा पुरावा त्यांनीही अजून दिलेला नाही. परंतु त्यांना उत्तर म्हणून घराची आरती ओवाळत बसणे, हेही पुरेसे नाही. ज्या संस्थेवर आपला विश्वास असतो तिचा जमाखर्च आपण दरसाल तपासतो. बँक, पतपेढी, शाळा, देवस्थान यांचे लेखापरीक्षण होते. त्याने कोणाचा अपमान होत नाही. कुटुंबाला आपण समाजाचे मूळ एकक म्हणतो, मग त्याच एककाचा जमाखर्च पाहायचा म्हटले की भुवया का उंचावतात?

अशा आकडेमोडीला रोहा तालुका परका नाही. घरोघरी जाऊन खर्च, खाणे आणि काम विचारणारी राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० साली सुरू झाली, तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते रोह्याचे चिंतामणराव देशमुख. त्यांच्याशी १९५३ साली विवाहबद्ध झालेल्या दुर्गाबाई या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा. म्हणजे देशाचा आकडा आणि देशातील स्त्रियांचे कल्याण ही दोन्ही खाती काही काळ रोह्याच्या एकाच घरात नांदत होती! तेव्हा नागोठणे परिसरातील शंभर घरांची पाहणी स्थानिक कार्यकर्त्यांनी आणि महाविद्यालयीन मुलामुलींनी हाती घ्यावी, असे आम्ही सुचवतो. कारखान्याची, चाकरमान्यांची आणि कातकरी वाडीतील, अशी तिन्ही प्रकारची घरे तीत असावीत. प्रश्न विचारायला जाणाऱ्यांत मुली असाव्यात आणि उत्तर देणारी घरातील बाई असावी. किती वाजता उठलात, किती वाजता पाठ टेकली, काल कोण शेवटी जेवले आणि त्याच्या ताटात काय होते, स्वतःच्या दुखण्यासाठी दवाखान्यात शेवटी कधी गेलात, आपल्या हाती आलेले पैसे कोणते आणि ते कोठे खर्चिले, किती मुले झाली व किती आहेत, घरातील म्हाताऱ्या माणसाचे कोण करते. याहून अधिक प्रश्न नकोत. नावे टिपू नयेत, उपदेश करू नये आणि सोबत छायाचित्रकार नेऊ नये.

पाहणी मात्र दोनदा करावी लागेल. एकदा श्रावणात, भाताची लावणी आटोपून कातकरी कुटुंबे वाडीवर असताना. आणि दुसऱ्यांदा माघात, वाड्यांच्या दारांना कड्या लागलेल्या असताना. त्या वेळी वही घेऊन भट्टीवर जावे लागेल, आणि तेही कामाची पाळी संपल्यावर, अंधार पडताना.